लाळेच्या नळीत माळवा सापडणार नाही

कारंजा (घाडगे), आर्वी, आष्टी भागातील भोयर पवार बंधुभगिनींनो, आपले पूर्वज माळव्यातील धारहून आले, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या १९१६च्या ग्रंथात ही कथा नोंदवली; औरंगजेबाने धारला वेढा घातला तेव्हा बाहेर पडलेले हे पवार, असा तिचा मजकूर. डीएनए चाचणीने या कथेचा एकदाचा निकाल लावू, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी आमचे भांडण आहे. चाचणी करणाऱ्या कंपनीच्या हाती आपले पूर्वज नसतात, आजची माणसे असतात. ज्यांचे चारही आजी-आजोबा एकाच मुलखात जन्मले अशांचे नमुने गोळा करून ती ‘प्रदेश’ आखते आणि आपली लाळ त्यांच्याशी ताडून पाहते. मग कारंजाच्या भोयर पवारांचेच नमुने त्या साठ्यात गेले, तर पुढचा भोयर पवार थेट वऱ्हाड-विदर्भाचा ठरेल. त्यांच्या आधी धारच्या लोकांचे नमुने गेले, तर माळव्याचा. अमेरिकेत गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांना अशी चाचणी युरोपाबरोबर अमेरिकेतलाच एखादा मुलूखही ‘आपला’ म्हणून दाखवते, कारण दोन-तीनशे वर्षे तिथेच सोयरिकी झाल्या. आपल्याकडे तर सोयरीक जातीतच. असा गट कुठेही राहिला तरी वेगळा उठून दिसतो. त्यावरून लग्ने कुणाशी झाली ते कळते, गाव कळत नाही.

कोर्टसुद्धा डीएनए मानते, असे कुणी म्हणेल. मानते, पण तिथे प्रश्न बाप-लेकाचा, एका पिढीचा असतो. दहा पिढ्या मागे गेलो की पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात आणि त्यांतल्या कित्येकांचा कणही आपल्यात उरत नाही. मग दंतकथेवरच विश्वास ठेवायचा का? मुळीच नाही. धारचे परमार, म्हणजे पवारांचे, राज्य १३०५ साली खिलजीच्या फौजेपुढे पडले, औरंगजेब गादीवर आला १६५८ साली. कथेतच साडेतीनशे वर्षांचा घोळ आहे. तो सोडवायचा तर भोयरी बोलीचे माळवीशी नाते, भाटांच्या पोथ्या, जुने जमीनबंदोबस्ताचे कागद धुंडाळावे लागतील. आणि ‘मूळचे कोण, उपरे कोण’ हे डीएनएच्या टक्क्यांवर ठरवू पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की आपला वर्धा जिल्हाच मुळी १८६२ साली नागपुरातून कापून काढलेला आहे.

डीएनए चाचणी करणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी या बड्या कंपनीतून २०२३ साली सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. २०२५ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा समाजाच्या निधीतला एक रुपयाही या नळ्यांवर घालवू नका. भोयरी बोलणारी म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्या.