रेकॉर्डवरचे हसू

दिवाळीची झाडलोट म्हणजे घरातल्या हरवलेल्या वस्तूंचे संमेलनच! यंदा माळ्यावरून एक समई, मोडका आकाशकंदील आणि पुठ्ठ्याचे एक चौकोनी पाकीट खाली उतरले. "ही तुमची तबकडी! ठेवायची की रद्दीत घालायची?" सौ. म्हणाली. मी ती तिच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतली.

बीटल्स मंडळींची 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' ही रेकॉर्ड १९६७ साली निघाली. कॉलेजात असताना, १९७३ च्या सुमारास, मी ती जुन्या बाजारातून आणली आणि घरात महाभारत सुरू झाले. आमचे अण्णा नाट्यसंगीताचे भक्त. "भांड्यांच्या दुकानात माकड शिरलंय का?" असे ते रोज विचारीत.

पण वाचकहो, तो आवाज काही सहज निघालेला नव्हता. या चौघांची पहिली लाँगप्ले रेकॉर्ड १९६३ साली बरीचशी एका दिवसात उरकली होती. हिचे काम मात्र नोव्हेंबर १९६६ पासून एप्रिल १९६७ पर्यंत चालले. यंत्राच्या फितीवर पट्टे चारच! ते भरले की सगळा मजकूर दुसऱ्या फितीवर कमी पट्ट्यांत उतरवायचा आणि उरलेल्या जागेत पुन्हा वाजवायचे. चार डब्यांत अख्ख्या दिवाळीचा फराळ बसवण्यातलाच प्रकार! एका गाण्यात सर्कशीचा भास हवा होता. तेव्हा निर्माता जॉर्ज मार्टिन याने वाफेच्या ऑर्गनच्या फिती कापल्या, तुकडे हवेत उडवले आणि हाती येतील तसे जोडले. शेवटच्या गाण्याला तर चाळीस वादक बोलावले.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे जॉर्ज हॅरिसनचे. हा १९६६ साली पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईला येऊन गेला होता. त्याच्या त्या गाण्यात लंडनमधल्या भारतीय वादकांनी दिलरुबा, तबला आणि तंबोरे वाजवले आहेत.

एका संध्याकाळी ते लावले असताना अण्णा दारात थबकले. "दिलरुबा कोण वाजवतंय रे?" एवढेच विचारले आणि गाणे संपेपर्यंत उभे राहिले. बोटे तालावर हलत होती. मी श्वास रोखून बसलो होतो. गाणे संपले, आणि रेकॉर्डवर माणसे हसली! अण्णांची बोटे थांबली. "आपल्याला हसतात होय?" म्हणाले आणि आत निघून गेले. पुन्हा कधी त्या दाराशी आले नाहीत.

ते हसू हॅरिसनने मुद्दाम घातले होते. एवढ्या गंभीर गाण्यानंतर ऐकणाऱ्याचे मन हलके व्हावे, म्हणून. मला हे पुढे कळले. तोवर अण्णा राहिले नव्हते.

रेकॉर्ड सापडली त्या रात्री नातवाने मला १९६८ सालचा 'यलो सबमरीन' हा कार्टूनपट दाखवला. दिग्दर्शक जॉर्ज डनिंग. सुमारे दोनशे कलाकारांनी अकराएक महिने खपून तो हाताने चितारला. चौघा बीटल्सना आधी त्यात रस नव्हता. त्यांचे आवाजही नटांनी दिले. काम पाहिल्यावर मात्र शेवटी चौघे स्वतः पडद्यावर येऊन गेले. २०१२ साली त्याची जुनी प्रत साफ केली, तीही एकेक चित्र हाताने पुसून.

गोष्ट साधीच. पेपरलँड नावाच्या देशावर संगीताचा द्वेष करणारे निळे लोक चालून येतात. माणसांचे पुतळे होतात, रंग उडून जातात. मग बीटल्स पिवळ्या पाणबुडीतून येतात आणि गाऊन देश सोडवतात. शेवटी त्या निळ्यांना कोणी मारीत नाही. "तुम्हीही या," म्हणून बोलावतात, आणि ते येतात!

"आजोबा, हे निळे लोक थेट तुमच्यासारखे ओरडतात," नातू म्हणाला. खरेच होते. त्याच्या खोलीतल्या गाण्यांवर मी रोजच ओरडतो. पण माझ्या डोळ्यांसमोर अण्णा होते. माझा निळा माणूस तर आपल्या पायांनी दारापर्यंत आला होता, आणि मला "अण्णा, बसा ना" एवढे दोन शब्द सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नातवाच्या खोलीत तेच ते दणदण सुरू झाले. मी दाराशी गेलो. ओरडायलाच गेलो होतो म्हणा ना! त्याने वर पाहिले. "दारात का उभे, आजोबा? बसा की."

बसलो. कळले म्हणाल, तर अर्धेही नाही. तरी उठावेसे वाटले नाही.

यंदाच्या दिवाळीत तुमच्याही घरी असे कोणी दाराशी घुटमळत असेल, तर त्याला आधी पाट द्या. फराळाचे मग पाहू.