कान वयाने गेले की ताटाने?

"वय झालं, आता ऐकू कमीच येणार." वस्तीतल्या आजीने चार हाकांनाही मान वळवली नाही की हेच वाक्य कानावर पडते. आधी लोक हसतात, मग ओरडून बोलतात आणि शेवटी तिच्याशी बोलणेच सोडून देतात. या वाक्याला आमचा विरोध आहे.

वयाने कान कमजोर होतात, हे आम्हालाही मान्य. पण सगळा दोष वयाचा कसा? आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. त्या मारायला गिरणीचा, खडीक्रशरचा गोंगाट असतो. आणि त्या जगवायला लागते अन्न.

नेपाळच्या सरलाही जिल्ह्यातील अभ्यासात, लहानपणी कुपोषित राहिलेल्यांमध्ये तरुणपणी ऐकू कमी येण्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला. नेदरलँड्समध्ये फोलेटची पातळी कमी असलेल्या ज्येष्ठांना तीन वर्षे फोलिक अॅसिड दिले. त्यांचे खालच्या पट्टीतले ऐकणे थोडे सावकाश घटले, असा निष्कर्ष 2007 मध्ये आला. ब-12 च्या कमतरतेचाही श्रवणदोषाशी संबंध काही अभ्यासांत आढळला आहे. गेलेला कान आहाराने परत येत नाही. तसे सांगून टॉनिक विकणाऱ्याला दारात उभे करू नका. पण ताटाचा आणि कानाचा संबंध नाही, असे आता कोणी म्हणू नये.

मग ताटाचे राजकारण बघा. ब-12 मिळते मांस, मासे, अंडी, दूध यांतून. आपल्या घरात त्याचा स्वस्त मार्ग होता मोठ्याचे मटण. 2015 च्या कायद्याने बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. कायद्यात म्हैस सुटली, पण धाक सगळ्याच मांसावर बसला. जानेवारी 2025 मध्ये शाळेच्या पोषण आहारातील अंड्यांचा सरकारी निधी बंद झाला. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिना 5 किलो धान्य मिळते. त्याने पोट भरते, ब-12 मिळत नाही. आज पोराच्या ताटातले अंडे काढणारे उद्याच्या म्हाताऱ्यांचे कानही पणाला लावत आहेत.

आणि आपण? 1956 ला नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी दहा वर्षांचे असलेले आज ऐंशीच्या घरात आहेत. आपण त्यांना पहिल्या रांगेत बसवतो, शाल देतो, फोटो काढतो. व्यासपीठावरचे एक वाक्य त्यांना समजले का, हे कोणी विचारत नाही. हा सन्मान नव्हे.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना एकदाच 3000 रुपये मिळतात. चष्मा, काठी, श्रवणयंत्र, सगळे त्यातच. चांगल्या यंत्राची किंमत त्याच्या कितीतरी पट. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात साठीनंतर दरवर्षी कानाची आणि ब-12 ची मोफत तपासणी, गरजूला पूर्ण किमतीचे यंत्र, आणि शाळेच्या ताटात अंडे परत.

तोवर युवकांनो, येत्या रविवारी विहारात ज्येष्ठांची यादी करा. त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात जा. साधा मळ साचल्यानेही ऐकू येत नसते, तेवढे तरी त्याच दिवशी निघेल. आणि घरी आजीशी बोलताना समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोला. ती अजून बोलणार आहे. ऐकायचे आपल्याला आहे.

जय भीम!