पायगाडीची वाट

पुणे शहरास एके काळी सायकलींचे शहर म्हणत. ते बिरुद गेले म्हणून अश्रू ढाळण्यात अर्थ नाही. परंतु दूधवाला, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, गवंडी आणि रात्रपाळीचा पहारेकरी आजही पायगाडीवरूनच पोटामागे निघतात. त्यांस रस्त्यावर निर्भय वाट असावी की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

सन २००६ मध्ये केंद्र सरकारने नागरी वाहतुकीचे राष्ट्रीय धोरण जाहीर करून पादचारी व सायकलस्वार यांची बाजू घेतली. त्याच वर्षी सातारा व सोलापूर रस्त्यांवर जलद बसमार्ग निघाला आणि त्याच्या कडेने सायकलमार्ग आखले गेले. २०१७ साली महानगरपालिकेने सबंध शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. कागद इतके झाले. आता मार्ग पाहावा! तो चौकापाशी तुटतो. तुटतो तेथे वीतभर उंच दगड असतो, म्हणून स्वाराने उतरून सायकल उचलावयाची. पुढे मोटारसायकली शिरू नयेत म्हणून खांब रोवलेले. ते कोठे इतके जवळ की सायकलीचे हँडल निघत नाही, तर कोठे इतके दूर की मोटारसायकल सहज निघते. पावसाळी गटारावरील जाळीचे गज रस्त्याच्या लांबीत बसविले, तर बारीक चाक नेमके त्यांत अडकून स्वार तोंडावर आपटतो. तेच गज आडवे बसविण्यास पैही अधिक पडत नाही. हा पैशाचा नव्हे, निष्काळजीपणाचा दोष होय.

आमच्या व्यापारी बंधूंपैकी काहींस वाटते, की दुकानापुढील मोटारींची जागा गेली म्हणजे गिऱ्हाईकही गेले. ही भीती आम्ही क्षुल्लक मानीत नाही. गाळ्याचे भाडे ज्यास भरावयाचे असते त्यासच ती कळते. तथापि एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सुखाने मावतात. शिवाय सकाळपासून दारात उभी असलेली मोटार पुष्कळदा गिऱ्हाइकाची नसून खुद्द मालकाचीच असते, हे त्यांनी निदान मनाशी तरी कबूल करावे.

सायकलस्वार सर्वस्वी निर्दोष आहेत असेही नाही. पूर्वी रात्री दिव्यावाचून जाणाऱ्यास पोलीस अडवीत, याची आठवण वृद्ध पुणेकरांस आहे. आज तो धाक उरला नाही. नव्या सायकलीस ठराविक प्रतीचे परावर्तक असलेच पाहिजेत असा हुकूम २०२० साली निघाला खरा. पण परावर्तक स्वतः उजळत नाही, मोटारीचा झोत पडेल तेव्हाच तो चमकतो. मागे लाल दिवा हवाच. उलट्या दिशेने येण्याची खोडही सोडली पाहिजे.

रविवारी सिंहगडाचा घाट चढणाऱ्या हौशी मंडळींपाशी शिरस्त्राण, दिवे व सरकारदरबारी बोलण्याची हिंमत, तिन्ही आहेत. पहारेकऱ्यापाशी यांतले एकही नाही. तेव्हा त्याची तक्रार या मंडळींनीच महानगरपालिकेच्या दारी न्यावी, आणि ती पावसाळ्यापूर्वी न्यावी. गटारांच्या जाळ्या फिरवून घेण्यास तोच काळ सोयीचा आहे.