मनाच्या नोंदी कोणाच्या मालकीच्या?

मुकुटबनहून यवतमाळकडे निघालेल्या एसटीत मांडीवरची प्लास्टिकची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेला माणूस दिसला, की त्या पिशवीत काय आहे हे विचारावे लागत नाही. चुरगळलेल्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि तीन दवाखान्यांचे तीन केसपेपर. त्याच्या आजाराची एवढीच काय ती नोंद. पिशवी पावसात भिजली की नवा डॉक्टर पहिल्यापासून विचारू लागतो आणि जे एकदा सांगतानाच जीव कासावीस झाला होता, ते चार अनोळखी माणसांदेखत पुन्हा सांगावे लागते. असा रुग्ण दुसऱ्या खेपेस फिरकत नाही, यात नवल ते काय?

झरी-जामणी तालुक्याचा हा मुलूख कापसाचा, कोळशाचा आणि आता सिमेंटचाही आहे. मराठीबरोबरच कोलामी, गोंडी आणि तेलुगू बोलणारी माणसे येथे राहतात. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशभर झाले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम, २०१५ च्या सुमारास राज्य सरकारचा 'प्रेरणा' प्रकल्प आणि २०२२ मध्ये 'टेली-मानस'. योजनांची वाण कधीच नव्हती. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत, असे आढळले.

आता या नोंदी संगणकावर जाणार आहेत आणि त्या जायलाही हव्यात. प्रश्न एवढाच, की ज्या आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, त्या साठवल्या जातील ती कोणाच्या मालकीची असावी? माझे म्हणणे स्पष्ट आहे. मानसोपचाराच्या दवाखान्यांसाठीची नोंदप्रणाली सार्वजनिक पैशातून तयार व्हावी आणि तिची मूळ संहिता, संगणकवाले जिला सोर्स कोड म्हणतात ती, सर्वांना वाचायला, तपासायला, बदलायला आणि वाटायला मोकळी असावी. ती मुक्तस्रोत असावी.

यवतमाळच्या शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. घरची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरणारा शेतकरी, २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यानंतर, दरवर्षी पाकीट विकत घेणारा गिऱ्हाईक झाला. बंदिस्त आज्ञावली दवाखान्याची हीच गत करते. आज्ञावली एकदा तयार झाली की तिच्या दुसऱ्या प्रतीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. तरीही दर संगणकामागे, दर वर्षी पैसे मोजावे लागतात. याला किंमत म्हणत नाहीत, खंड म्हणतात. कूळ जमीन सोडू शकत नसे, तसा दवाखाना ती आज्ञावली सोडू शकत नाही. कारण रुग्णांच्या साऱ्या नोंदी तिच्याच कुलपात अडकलेल्या असतात.

कोणी म्हणेल, काही कंपन्या आज्ञावली फुकट देतात. फुकट आणि मुक्त यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अमेरिकेतील 'प्रॅक्टिस फ्यूजन' ही कंपनी डॉक्टरांना रुग्णनोंदींची आज्ञावली वर्षानुवर्षे फुकट देत होती. अफूजन्य वेदनाशामके विकणाऱ्या औषध कंपनीकडून पैसे घेऊन, डॉक्टरांच्या पडद्यावर त्या औषधांकडे वळवणाऱ्या सूचना तिने पेरल्याचे पुढे उघड झाले आणि जानेवारी २०२० मध्ये सुमारे १४.५ कोटी डॉलर भरून तिला तडजोड करावी लागली. सूचना कोणाच्या सांगण्यावरून येते आहे, हे तपासण्याची सोय डॉक्टरला नव्हती. नैराश्याच्या गोळ्यांचा बाजार काही लहान नाही. तेथे असे घडणारच नाही, याची हमी कोण देणार?

दुसरा आक्षेप असा, की संहिता उघडी केली तर रुग्णाचे गुपितही उघडे पडेल. हा निव्वळ गोंधळ आहे. कुलपाची रचना सर्वांना ठाऊक असली म्हणून प्रत्येकाच्या हाती किल्ली येत नाही. उलट, झाकून ठेवलेल्या रचनेतील दोष चोराला आधी कळतो आणि धन्याला शेवटी. फिनलंडमधील 'वास्तामो' या मानसोपचार केंद्रांच्या खासगी साखळीची नोंदप्रणाली तिने स्वतःच बनवलेली होती. २०२० मध्ये तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्याचे उघड झाले आणि खुद्द रुग्णांकडे खंडणी मागण्यात आली. पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत निघाली. रुग्णांची गुपिते मात्र परत येणार नव्हती. खुली संहिता म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे, हे मान्य. पण तिची तपासणी तरी करता येते.

आपल्याकडे धोका आणखी वेगळा आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देते, परंतु आधी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरते. नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा हे पात्रतेचे निकष. मग दवाखान्यातील 'दारू' किंवा 'जुना आजार' अशी एखादी नोंद उद्या विधवेविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली तर? सावकाराच्या, कारखान्याच्या ठेकेदाराच्या किंवा सोयरिकीस आलेल्या पाहुण्यांच्या कानी ती गेली तर? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला, तो संगणकीय नोंदींनाही लागू केला आणि आपल्या नोंदी पाहण्याचा हक्कही रुग्णाला दिला. पण नोंद कोणी उघडली, कोठे पाठवली, हे ज्या यंत्रातून ठरते ते यंत्रच पाहता येत नसेल, तर कायद्याचे कलम कागदावरच राहते.

'आधी डॉक्टर द्या, मग संगणकाचे बोला,' असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. डॉक्टर हवेतच. परंतु अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' कार्यक्रमाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या बळावर, उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेले. कार्यकर्ता, परिचारिका आणि दूरचा तज्ज्ञ यांनी मिळून उपचार करायचे, तर तिघांना जोडणारी नीट नोंद हवीच. हे अशक्यही नाही. छत्तीसगढमधील गनियारी येथे 'जन स्वास्थ्य सहयोग'च्या ग्रामीण रुग्णालयासाठी 'बाह्मनी' ही मुक्तस्रोत प्रणाली उभी राहिली. तिचा पाया 'ओपन एमआरएस' हा, २००४ साली सुरू झालेला आणि आफ्रिकेतील दवाखान्यांत रुजलेला सामायिक प्रकल्प. एकाने केलेली सुधारणा दुसऱ्याला आयती मिळते. सहकार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

मात्र मुक्त म्हणजे बिनपगारी नव्हे. संहिता प्रसिद्ध करून हात झटकले, तर दोन वर्षांत ती गंजून जाईल. दोष काढणारे, नवी आवृत्ती देणारे आणि झरीच्या परिचारिकेला शिकवणारे लोक पगारावर हवेत. खंडापोटी जाणारा पैसा त्यांच्याकडे वळवा.

केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. तेव्हा मागणी नव्या क्रांतीची नाही; दिलेला शब्द पाळण्याची आहे. राज्याने मानसोपचाराची नोंदप्रणाली संहितेसह प्रसिद्ध करावी. उपचाराला लागेल तेवढेच तिने विचारावे. वीज आणि जोडणी गेली तरी ती चालावी. कोणी नोंद उघडली याचा माग रुग्णाला मिळावा आणि मदतीची पात्रता ठरवणाऱ्या कचेरीला तिच्यात प्रवेश नसावा. रुग्णाला त्याच्या भाषेत प्रत मिळावी. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक उमेदवाराला यवतमाळकरांनी हे प्रश्न जाहीर सभेत विचारावेत. पिशवी टाकून देण्याचा दिवस यायलाच हवा. पण त्या पिशवीची मालकी आज जशी त्या प्रवाशाकडे आहे, तशीच उद्याच्या नोंदीचीही त्याच्याकडेच राहिली पाहिजे.