परीक्षा आधी, सराव नंतर

दिल्लीत धौला कुआँजवळ श्री वेंकटेश्वर महाविद्यालय आहे. या महाविद्यालयाच्या मैदानावर सॉनेट क्लबची कितीतरी मुले क्रिकेट शिकली. दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली, की तिथे एक कडक नियम लागू होई. अभ्यास टाकून सरावाला आलेल्या मुलाला परत पाठवले जाई. शेवटचा पेपर होईपर्यंत त्याने मैदानाकडे फिरकायचे नाही! हा नियम करणारे गृहस्थ मुख्याध्यापक नव्हते, क्रिकेटचे प्रशिक्षक होते. त्यांचे नाव तारक सिन्हा. शिष्य त्यांना ‘उस्तादजी’ म्हणत.

मुंबईकरांना शिवाजी पार्कवरचे रमाकांत आचरेकर जितके जवळचे, तितकेच दिल्लीकरांना सिन्हा. सिन्हा स्वतः यष्टिरक्षक होते. शाळकरी वयात सी. के. नायडू स्पर्धेसाठी दिल्लीचा संघ निवडला गेला, तेव्हा त्यांना डावलण्यात आले. ही सल त्यांच्या मनात राहिली. पण कुढत न बसता त्यांनी 1969 मध्ये सॉनेट क्लब सुरू केला. सरकारी शाळांत शिकणाऱ्या, कुणाचा वशिला नसलेल्या मुलांनाही खेळायला मिळावे, हा त्यामागचा हेतू होता.

पुढची 50 वर्षे हेच त्यांचे आयुष्य झाले. त्यांनी लग्न केले नाही. क्लबची मुले हाच त्यांचा संसार होता. मनोज प्रभाकर, रमण लांबा, अजय शर्मा, अतुल वासन, आकाश चोप्रा, आशिष नेहरा, शिखर धवन, ऋषभ पंत हे कसोटीपटू आणि महिला क्रिकेटमधील अंजुम चोप्रा ही सारी त्यांच्या हाताखालून गेलेली मंडळी. 1985-86 मध्ये दिल्लीने रणजी करंडक जिंकला, तेव्हा संघाचे प्रशिक्षक तेच होते. पुढे भारतीय महिला संघाची जबाबदारीही काही काळ त्यांच्याकडे आली. 2002 च्या जानेवारीत या संघाने इंग्लंडला एकदिवसीय मालिकेत 5-0 असे हरवले. झूलन गोस्वामीने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पाऊल टाकले, ते याच मालिकेत.

एवढे यश मिळूनही परीक्षेचा नियम त्यांनी सैल केला नाही. कारण उघड आहे. 50 वर्षांत मैदानावर आलेल्या असंख्य मुलांपैकी भारताकडून खेळले ते मोजकेच. बाकीच्यांचे काय? त्यांनाही पुढे नोकरी-व्यवसाय करायचा होता, घर चालवायचे होते. यशस्वी झालेल्या शिष्याचे नाव साऱ्या जगाला कळते. न झालेल्या शिष्याची काळजी मात्र गुरूलाच करावी लागते.

ऋषभ पंतचे उदाहरण बोलके आहे. रुरकीचा हा मुलगा आईबरोबर रात्रीच्या बसने दिल्लीला येई. मुक्कामासाठी आधार होता तो मोतीबागच्या गुरुद्वाऱ्याचा. सिन्हा आणि त्यांचे सहकारी देवेंदर शर्मा यांनी त्याची फलंदाजी तर घडवलीच, पण दिल्लीच्या शाळेत त्याच्या शिक्षणाचीही सोय लावून दिली. इतका गुणी मुलगा, मग अभ्यास कशाला, असे उस्तादजींना वाटले नाही.

2018 च्या ऑगस्टमध्ये पंत पहिली कसोटी खेळला आणि सप्टेंबरमध्ये त्याने ओव्हलवर शतक ठोकले. त्याच महिन्यात सिन्हांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आचरेकरांना हा मान 1990 मध्येच लाभला होता. सिन्हांना मात्र क्लब काढल्यापासून 49 वर्षे वाट पाहावी लागली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 6 नोव्हेंबर 2021 रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आज गावोगावी क्रिकेटचे वर्ग निघाले आहेत. मुलाचे नाव घालताना आई-वडील हमखास विचारतात, ‘‘आमचा मुलगा मोठा खेळाडू होईल ना?’’ या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणताच प्रशिक्षक देऊ शकत नाही. त्यापेक्षा पालकांनी विचारावे, ‘‘परीक्षेच्या दिवसांत तुम्ही मुलांना सरावाला बोलावता का?’’ त्याच्या उत्तरावरून समोरचा माणूस केवळ खेळ शिकवतो, की मुलालाही सांभाळतो, हे चटकन कळेल.