पुठ्ठ्याची पदकं



यंदा कोजागिरीला आमच्या कोंडापूरच्या गच्चीवर मसाला दूध होतं, भडंग होतं आणि एक पुरस्कार वितरण सोहळाही होता. पदकं कुरिअरच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून केलेली, वर चॉकलेटची सोनेरी चांदी, खाली जुन्या ओळखपत्रांच्या पट्ट्या. आयटीवाल्याच्या घरात या पट्ट्यांना तोटा नसतो. आणि प्रत्येक पदकाला एकेका फिगर स्केटिंगपटूचं नाव.

हैदराबादेत बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, हे मला मान्य आहे. पण या सगळ्याची सुरुवात भाचीपासून झाली. ती आठ वर्षांची आहे आणि इंदिरा पार्कच्या रिंकवर स्केटिंग शिकते. शिकते म्हणजे शिकत होती. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी मुलं गोल गोल पळवतात ते नव्हे, हिचं चार चाकांचं कलात्मक स्केटिंग. संगीत, गिरक्या, उड्या, सगळं काही बर्फावरच्यासारखं. उड्यांची नावंही तीच. आपल्या हैदराबादच्या अनुप कुमार यामा यांनी २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत याच प्रकारात दोन कांस्यपदकं मिळवली, एक एकेरीत आणि एक अवनी पांचालबरोबर जोडीत. २०१५ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे हा खेळ आपल्या गावाला परका नाही, आपणच त्याच्याकडे पाहत नाही.

तर सप्टेंबरमध्ये मुलांचा एक छोटा कार्यक्रम झाला. भाचीची पहिली उडी चुकली, ती पडली आणि बसूनच राहिली. गाणं चालूच. शेवटी सरांनी तिला उचलून बाहेर आणलं. त्या दिवसापासून स्केट्स चपलांच्या कपाटात. “मामा, मी आता चित्रकला शिकणार आहे,” असं तिने मला शांतपणे सांगितलं.

मी इंजिनिअर माणूस. समस्या दिसली की आधी माहिती गोळा करतो. तिला घेऊन रोज अर्धा तास जुन्या स्पर्धा पाहायला लागलो. सुंदर सुंदर नाही, मुद्दाम पडझडीच्या. पाहता पाहता मलाच नाद लागला.

या उड्यांच्या नावांचाच इतिहास बघा. अॅक्सेल पॉलसेन हा नॉर्वेचा माणूस. त्याने १८८२ मध्ये व्हिएन्नात ती उडी मारली. बाकीच्या उड्यांत स्केटर पाठमोरा उडतो, हा समोर तोंड करून उडाला, म्हणून त्यात अर्धी गिरकी जास्त. स्वीडनच्या उलरिक साल्कोने १९०९ मध्ये आपली उडी आणली. हा गृहस्थ दहा वेळा जगज्जेता झाला आणि १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, म्हणजे उन्हाळी ऑलिंपिकमध्ये, पहिलं सुवर्णही त्यानेच नेलं. अलॉइस लुट्झची उडी १९१३ची. पण मला आवडला तो जर्मनीचा वर्नर रिटबर्गर. १९१०च्या सुमारास त्याने बसवलेल्या उडीला जर्मन लोक आजही रिटबर्गर म्हणतात आणि इंग्रजीत तिचं नाव नुसतं ‘लूप’. उडी जगभर चालते, माणूस गायब! आमच्या प्रोजेक्टमध्ये असे रिटबर्गर किती आहेत ते मी मोजायला घेतलं आणि तिथेच पुरस्कारांची कल्पना सुचली. भाचीला म्हटलं, आपण घरच्यांना पदकं द्यायची, नावं तू काढ, कारणं मी लिहितो.

रिटबर्गर पदक भावजींना गेलं. गेल्या दहा वर्षांतले आमच्या कुटुंबाचे सगळे फोटो त्यांनी काढलेत आणि त्यांतल्या एकातही ते नाहीत. अॅक्सेल पदक बाबांना. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरच्या बिलावर सगळे कडेकडेने बोलत असताना आमचे बाबा थेट सेक्रेटरीच्या समोर तोंड करून उडी मारतात, अर्धी गिरकी जास्तच.

टॉरव्हिल-डीन पदकासाठी मात्र थोडं थांबतो, कारण तो किस्सा इंजिनिअरांनी पाठ करावा असा आहे. १९८४, साराएव्हो ऑलिंपिक. ब्रिटनच्या या जोडीने राव्हेलचं ‘बोलेरो’ घेतलं. मूळ रचना पंधरा मिनिटांच्या आसपासची, आणि नियम चार मिनिटं दहा सेकंदांचा. कापून कापून ती चार मिनिटं अठ्ठावीस सेकंदांपर्यंत आली, त्याच्या खाली काही येईना. मग त्यांनी नियमपुस्तक नीट वाचलं. तेव्हा घड्याळ सुरू व्हायचं ते स्केटचं पातं बर्फाला लागल्यावर! म्हणून ते दोघं गुडघ्यांवर बसून नाच सुरू करतात. पहिले अठरा सेकंद नुसते डोलतात, पातं टेकतच नाही. नऊच्या नऊ परीक्षकांनी कलात्मकतेला सहापैकी सहा दिले. आणि तो गुडघ्यांवरचा भागच लोकांच्या सर्वांत जास्त लक्षात राहिला.

हे पदक आईला. डॉक्टरांनी तिला दिवसातून दोनच कप चहा सांगितला आहे. आईने कप बदलला.

बायकोला नेथन चेन पदक. हा अमेरिकेचा मुलगा २०१८च्या ऑलिंपिकमध्ये पहिल्या फेरीत इतका घसरला की सतरावा आला. दुसऱ्या फेरीत त्याने चार गिरक्यांच्या सहा उड्या मारल्या, त्या फेरीत तो सगळ्यांत पुढे होता आणि एकूण पाचवा आला. चार वर्षांनी सुवर्ण. गणपतीत बायकोचे पहिले अकरा मोदक फुटले होते, पुढचे एकवीस असे उतरले की आई गप्प झाली. आई गप्प होणं हेच आमच्याकडचं सहापैकी सहा.

भाचीसाठी मी मिदोरी इतो राखून ठेवली होती. जपानची ही मुलगी तीन गिरक्यांचा अॅक्सेल स्पर्धेत मारणारी पहिली स्त्री. १९९२च्या आल्बर्टव्हिल ऑलिंपिकमध्ये मुख्य फेरीत ती याच उडीवर पडली. पुढे, पाय थकल्यावर, कार्यक्रमाच्या शेवटाकडे तिने तीच उडी पुन्हा घातली आणि ती नीट उतरली. रौप्यपदक मिळालं. आम्ही ती चित्रफीत किमान पंधरा वेळा पाहिली असेल. भाचीने पदक गळ्यात घातलं, पण चेहऱ्यावर काही नाही. “ती उठली ना मामा. मी कुठे उठले?” तिला खोटं पदक बरोबर ओळखता येतं.

आता चुकीकडे येतो.

ताईसाठी मी मिशेल क्वान निवडली होती. क्वानला ऑलिंपिक सुवर्ण कधीच मिळालं नाही. १९९८ला रौप्य, २००२ला कांस्य. तरी तिच्याइतकं प्रेम फार थोड्यांना मिळालं. ताईने सीएची अंतिम परीक्षा पाच वेळा दिली. एक ग्रुप निघाला, दुसरा निघाला नाही. आता ती बी.कॉम.च्या मुलांना अकाउंट्स शिकवते आणि तिचे विद्यार्थी सीए झालेत. मला वाटलं, काय चपखल जमलंय! माइकसारखी रवी हातात धरून मी झोकात वाचलं, “सुवर्ण हुकलं तरी सर्वांची लाडकी!” सगळे हसले. ताईही हसली.

नंतर स्वयंपाकघरात ती पातेलं घासत होती. मला म्हणाली, “क्वानला वर्ल्ड चॅम्पियनशिपची पाच सुवर्णं आहेत. तू एकही वाचलं नाहीस.”

खरं होतं. मी वाचली होती, लिहिली नव्हती. विनोदात बसत नव्हती.

“आणि तुला माहीत आहे का, हिला मी हे कधी सांगितलं नव्हतं.”

हिला म्हणजे भाचीला. ती दारातच उभी होती. “आई, तू नापास झालीस?” मला त्या क्षणी गच्चीवरून सरळ खाली जावंसं वाटलं, जिन्याने नव्हे. ताई काही बोलली नाही. मग म्हणाली, “हो. पाच वेळा.” “मग पाचव्यांदा गेलीस कशाला?” ताई हातातलं पातेलं तसंच धरून बराच वेळ विचार करत राहिली. “वाटलं होतं होईल म्हणून,” ती म्हणाली. भाचीने आणखी काही विचारलं नाही, आईच्या साडीला हात पुसले आणि बाहेर गेली.

ऑफिसातही असे गमतीचे पुरस्कार होतात, आणि कुणाच्या तरी पदरात एक चिमटा पडतो. मीही घेतलाय तसा एक, ‘उशिरा येणारा सूर्य’ की काय. त्या वर्षी बाबा दवाखान्यात होते. मी हसून फोटो काढून घेतला होता. हे आठवायला मला स्वतः कुणाला तरी पदक द्यावं लागलं, याची लाज वाटते. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनेही २०२० पासून असे पुरस्कार सुरू केले. उत्तम पोशाखाचं बक्षीससुद्धा ठेवलंय, पण ‘सुवर्ण हुकलेली लाडकी’ असलं काही तिथे नाही. ती अक्कल त्यांना होती.

दुसऱ्या दिवशी ताईला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, “पदक परत घेऊ नकोस, नाव बदल. मला बोनाली दे.”

सूर्या बोनाली. नाव आपल्याकडचं वाटतं, मुलगी फ्रान्सची. पाच वेळा युरोपची विजेती, जागतिक स्पर्धेत सलग तीन वर्षं दुसरी. १९९४ला निसटता पराभव झाला तेव्हा ती आधी विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढायलाच तयार नव्हती, आणि गळ्यातलं पदक तिने तिथेच काढलं. १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये पाय दुखावलेला, पदकाची आशा संपलेली. तिने उलटी कोलांटी मारली आणि एका पायावर उतरली. त्या कोलांटीवर १९७०च्या दशकापासून बंदी होती. गुण कापले जाणार हे तिला ठाऊक होतं. २०२४ मध्ये ती बंदी उठली. ताई म्हणाली, “मला कुणाची लाडकी व्हायचं नव्हतं रे. मला तो पेपर काढायचा होता.”

नवं पदक केलं. यावेळी कारणाची जागा कोरी ठेवली, तिने काय लिहायचं ते लिहावं. पुढच्या वर्षीसाठी नियमही बदललाय. ज्याचं पदक त्यानेच नाव निवडायचं आणि कारणही. आईने आत्ताच टॉरव्हिल-डीन परत मागितलंय, म्हणजे कप आणखी मोठा होणार.

परवा रविवारी इंदिरा पार्कला गेलो होतो. भाचीने स्केट्स घातले. उडी मारली नाही. कठडा धरून दोन फेऱ्या, सोडून चार. ताई बाकावर उत्तरपत्रिका तपासत बसली होती. सर म्हणाले, “उडी पुढच्या महिन्यात बघू.” भाची म्हणाली, “बघू.”