आधी गोदी, मग तोफा

मागच्या अंकातल्या कोड्याला वाचकांनी मनापासून उत्तरं पाठवली. १९०९ साली हिंदी महासागरासाठी ठरलेली, पण कधीच न आलेली बॅटलक्रूझर स्प्रिंगशार्प या जहाजांचे आराखडे मांडणाऱ्या संगणक-प्रणालीवर उभी करायची होती. तिचं ठाणं मुंबई. आलेले बहुतेक आराखडे सख्ख्या भावंडांसारखे दिसतात: आठ साडेतेरा इंची तोफा, नऊ इंची चिलखती पट्टा, वेग २८ नॉट आणि प्रणालीच्या अहवालात सांगाड्याची संयुक्त ताकद नेमकी १.००, म्हणजे जेमतेम पुरेशी. ती नेमकी कशी जुळते, हे आपल्यात कुणाला सांगायला नको. लांबी थोडी वाढवायची, पट्टा पाव इंचाने उतरवायचा, कोळसा शे-दोनशे टनांनी कमी करायचा आणि पुन्हा आकडा बघायचा. हिशेब बसतो. जहाज कशासाठी हवं होतं, हा प्रश्न मात्र फाइलच्या बाहेरच राहतो.

त्या वर्षी लंडनच्या परिषदेत पूर्वेकडे तीन ताफे ठेवायचं ठरलं. एक ऑस्ट्रेलियाचा, एक चीनच्या समुद्रात, एक ईस्ट इंडीज ठाण्यावर. प्रत्येकात एक बॅटलक्रूझर, तीन हलक्या क्रूझर, सहा विनाशिका, तीन पाणबुड्या. ऑस्ट्रेलियाची बॅटलक्रूझर १९१३ साली सिडनीला पोचली. न्यूझीलंडने पैसे दिलेली चीनकडे जायची होती, ती उत्तर समुद्रातच ठेवून घेतली. आपल्या वाट्याची तर आलीच नाही, कारण जर्मनीच्या धास्तीने सगळी मोठी जहाजं घराजवळ हवी होती. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एम्डेन नावाच्या एकट्या हलक्या जर्मन क्रूझरने मद्रासच्या बंदरात येऊन तेलाच्या टाक्या पेटवल्या, आणि या भागात कशाची उणीव होती ते सगळ्यांना दिसलं.

या जहाजाचं काम असं सरळ होतं: दूरदूरच्या पाण्यात शत्रूच्या क्रूझर हुडकून बुडवायच्या. त्यासाठी साडेतेरा इंची तोफा कशाला? ८ डिसेंबर १९१४ ला फॉकलंड बेटांजवळ इन्व्हिन्सिबल आणि इन्फ्लेक्सिबल यांनी शार्नहॉर्स्ट आणि ग्नायझेनाउ बुडवल्या त्या बारा इंची तोफांनीच. त्या लढाईत खरं शिकण्यासारखं वेगळं आहे. इन्व्हिन्सिबलने ५१३ गोळे झाडले, इन्फ्लेक्सिबलने ६६१. प्रत्येकीवर तोफा आठ. म्हणजे इन्फ्लेक्सिबलचा खर्च तोफेमागे ८० च्या वर गेला, तोही एका दुपारीत. स्प्रिंगशार्पमध्ये तोफेमागे गोळे किती, असा एक रकाना आहे. बहुतेकांनी तिथे ८० टाकून पुढची ओळ गाठली. मुंबईहून निघालेलं जहाज मादागास्करच्या पलीकडे लढलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या कोठारात काय उरेल? तोफेचा व्यास दीड इंचाने वाढवण्यात घातलेलं वजन मी तरी गोळ्यांवर घातलं असतं.

आता गोदी. इथे तर काही आराखडे बादच होतात. १९०९ साली मुंबई बंदरात मेरिवेदर ही सुकी गोदी होती, १८९१ ची. लांबी ५२५ फूट, तोंड साडेपासष्ट फूट. पहिलीवहिली बॅटलक्रूझर इन्व्हिन्सिबल, तीच ५६७ फूट लांब आणि साडेअठ्ठ्याहत्तर फूट रुंद; तिला आत शिरायलाच जागा नाही. अलेक्झांड्रा डॉकचं बांधकाम तेव्हा चालू होतं. त्याच्या जोडीला १९१४ साली ह्यूजेस सुकी गोदी तयार झाली: १,००० फूट लांब, तोंडाशी १०० फूट. लांबीची चिंता मिटली, रुंदीची नाही. दोन आराखड्यांत रुंदी १०४ फूट आहे. पुढे हुड तेवढीच रुंद झाली खरी, पण तीही ह्यूजेसमध्ये मावली नसती. गोदी नाही म्हणजे तळ घासायची सोय नाही. मुंबईच्या कोमट पाण्यात शेवाळ आणि शिंपले तळाला धरायला वेळ लागत नाही, आणि कागदावरचा २८ नॉट वेग सहा महिन्यांत कागदावरच राहतो. वेगासाठी लागणारी ताकद साधारण घनाच्या पटीत चढते: २५ नॉटवरून २८ वर जायचं तर त्याच जहाजाला जवळपास ४० टक्के जास्त हॉर्सपॉवर हवी. एवढं मोजून घेतलेले तीन नॉट शेवाळाला द्यायचे, हा कसला व्यवहार?

कोळशाचंही तसंच. स्प्रिंगशार्पला कोळसा म्हणजे कोळसा. ब्रिटिश नौदलाला वेल्सचा हवा असे, कारण तो जोरात पेटतो आणि राख कमी टाकतो. आपल्या वर्धा खोऱ्यातल्या किंवा पेंच भागातल्या कोळशाच्या राखेबद्दल नागपूरकरांना सांगायला नको, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांशेजारच्या लोकांना तर नाहीच. मुंबईच्या जहाजाने अडीअडचणीला देशी कोळसा भरला तर तेवढ्याच टनांत पल्ला घटणार आणि भट्टीवरच्या माणसांचा उपसा वाढणार. अहवाल याबद्दल चकार शब्द काढत नाही. तो हिशेब आपण समासात करायचा.

शिवाय उष्णता. कॉर्डाइट उकाड्यात लवकर खराब होतं, म्हणून उष्ण समुद्रातल्या जहाजांना दारूकोठार थंड ठेवणारी यंत्रं लागत. त्यांचं वजन ‘किरकोळ वजनं’ या रकान्यात जातं. आलेल्या आराखड्यांपैकी फक्त एकात तिथे शून्याऐवजी काही लिहिलं होतं. त्या वाचकाचा आराखडा पान १४ वर छापला आहे. दिसायला तो इतरांपेक्षा कमी रुबाबदार आहे.

चिलखताविषयी पत्रं सर्वांत जास्त आली. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत इंडिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल एकामागून एक फुटल्या, आणि पट्टा नऊ इंची असता तर वाचल्या असत्या, असा बहुतेकांचा सूर. क्वीन मेरीचा पट्टा नऊ इंचीच होता. घात केला तो उघड्या ठेवलेल्या कोठाराच्या दारांनी आणि मारा लवकर व्हावा म्हणून बाहेर रचलेल्या कॉर्डाइटच्या थैल्यांनी. जर्मनांची साइडलिट्झ जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकेजवळ अशाच आगीत सापडली, मागच्या दोन बुरुजांत १५९ माणसं गेली, पण जहाज वाचलं आणि त्यांनी व्यवस्था सुधारली. जहाज किती गोळे सोसेल याचा आकडा अहवालात असतो. दार उघडं होतं की बंद, हे विचारणारा रकाना नसतो.

एका वाचकाने विचारलं आहे, समुद्रापासून इतक्या दूर नागपुरात बसून हे मासिक कशाला? त्यांनी रामटेकच्या वाटेवर मनसरला उतरावं. तिथलं मँगनीज काढणारी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट १८९६ साली विलायतेत नोंदली गेली. आज त्या खाणी मॉइलकडे आहेत. मनसर, कांद्री, चिखला इथलं खनिज रेल्वेने बंदरावर आणि तिथून विलायतेच्या भट्ट्यांत जाई. मँगनीज नसेल तर गंधकामुळे पोलाद तापलेलं असताना लाटतानाच तडकतं. अहवालातल्या सगळ्यात जड रकान्यांत, सांगाडा आणि चिलखत यांत, आपल्या भागाचा जिन्नस आहे. एवढं नातं पुरे.

पुढे १७ नोव्हेंबर १९२१ ला मुंबईत एक बॅटलक्रूझर आली. रिनाउन प्रिन्स ऑफ वेल्सला घेऊन आली, आणि शहरात हरताळ होता. सहा पंधरा इंची तोफा, पट्टा मूळचा सहाच इंची, रुंदी ९० फूट. ह्यूजेसमध्ये ती मावली असती.

कोडं पुढच्या महिन्यातही तेच राहील. या वेळी अहवालासोबत एक वेगळं पान जोडा: गोदी कुठली, कोळसा कुठला, तोफेमागे गोळे किती आणि का. ते पान नसेल तर आराखडा परत येईल, मग संयुक्त ताकद १.२० का असेना.